नोव्हेंबरअखेर क्योतोत तीन दिवस, सोबत शाकाहारी आई-बाबा: काय पाहावं, कुठे जेवावं?

तुमच्या प्रश्नात देवळांची यादी लांबलचक आहे आणि जेवणाबद्दल एकच ओळ: ‘आई-बाबा पूर्ण शाकाहारी आहेत, काहीतरी मिळेलच ना?’ मी त्या ओळीपासूनच सुरुवात करते. क्योतोत रोजचं दुपारचं जेवण आधी ठरवा आणि त्याच्या आसपासची देवळं त्या दिवशी बघा. मी ओसाकात राहते. घरचे पाहुणे आले की क्योतो दाखवायला मीच घेऊन जाते, आणि ज्येष्ठ मंडळींना या क्रमानं आखलेला दिवसच सुखाचा गेलेला मी पाहिलाय.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. कोंबू हे समुद्री शेवाळ आणि बहुतेक वेळा कात्सुओ माशाचे सुकवलेले पातळ काप, यांचं ते पाणी. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूप, उदोन या जाड नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांत ते असतं. ‘मांस-मासे नकोत’ एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस माशाचे तुकडे काढून देतो, दाशी त्याच्या मनातही येत नाही. म्हणून नेमकं विचारा: ‘कात्सुओ-दाशी हाइत्ते इमासु का?’ (यात कात्सुओची दाशी आहे का?) हे वाक्य जपानी लिपीतही फोनवर ठेवा, दाखवता येतं.

आता चांगली बातमी. क्योतो हे झेन मठांचं शहर, आणि मठांतलं जेवण, म्हणजे शोजिन र्योरी, पूर्ण शाकाहारी. त्यात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे तुमच्या आईचा चातुर्मास असता तरी चाललं असतं. पहिल्या दिवसासाठी माझी शिफारस म्हणजे शहराच्या पश्चिमेकडच्या आराशियामातल्या तेन्र्यूजी मठाच्या आवारातलं ‘शिगेत्सु’ हे उपाहारगृह. लाल लाखेच्या छोट्या वाट्यांमधून तिळाचा मऊ गोमादोफू, सोयादुधाची साय म्हणजे युबा, गव्हाच्या ग्लुटेनचा फू, ऋतूतल्या भाज्या, भात आणि लोणचं येतं. चवी सौम्य असतात. पहिल्या घासाला बाबा ‘मीठ कमी आहे’ म्हणतील. घाई न करता खाऊ द्या, हळूहळू प्रत्येक वाटीची चव वेगळी लागायला लागते. इथे फक्त दुपारचंच जेवण मिळतं, नोंदणी आधी करावी आणि बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं. बैठक जमिनीवरची आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर नोंदणी करतानाच तसं कळवा. जेवणाआधी मठाची बाग बघा. चौदाव्या शतकात मुसो सोसेकी या झेन भिक्षूनं ती घडवली. मागचे डोंगर बागेचाच भाग वाटावेत अशी तिची रचना आहे आणि नोव्हेंबरअखेरीस ते डोंगर लाल-केशरी असतात. बांबूचं बन शेजारीच आहे, पण छोटं आणि गर्दीचं. सकाळी लवकर पोहोचलात तरच त्यात रमाल.

दुसरा दिवस पूर्वेचा. कियोमिझुदेरा हे डोंगरउतारावरचं देऊळ सकाळी 6 वाजता उघडतं. त्या दिवसांत सूर्योदय साधारण पावणेसातला असतो, तेव्हा साडेसहापर्यंत वर पोहोचा. दरीवर काढलेला तो लाकडी सज्जा जवळजवळ 13 मीटर उंच आहे आणि सध्याची इमारत 1633 सालची. आठ-नऊनंतर तिथे उभं राहायलाही जागा शोधावी लागते, म्हणून पहाटेचा आग्रह. उतरताना सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्यांवरून या. दुकानं उघडली असतील तर नामा यात्सुहाशी घ्या: तांदळाच्या पिठाची दालचिनी घातलेली मऊ पारी आणि आत लाल चवळीसारख्या आझुकीचं गोड पुरण. उकडीच्या मोदकावर वाढलेल्या माणसाला ती लगेच आपलीशी वाटते.

तिथून टॅक्सीनं नान्झेनजी. या मठाच्या परिसरात युदोफू, म्हणजे गरम पाण्यातला टोफू, देणारी जुनी उपाहारगृहं आहेत. ओकुतान तर 1635 पासूनचं. कोंबूच्या गरम पाण्यात टोफूचे मोठे चौकोन, बस. थंडीत यापेक्षा चांगलं जेवण क्योतोत नाही असं माझं ठाम मत आहे. फक्त सोबतच्या चटणीवजा सॉसमध्ये दाशी असू शकते, त्याऐवजी साधा सोया सॉस मागा, आणि ताटातल्या बाकीच्या पदार्थांबद्दल नोंदणी करतानाच विचारून घ्या. जेवून पाच-दहा मिनिटं चाललात की एइकांदो येतं. मेपलची लाली बघायला माझ्या मते हेच देऊळ. त्या दिवसांत ते संध्याकाळी दिव्यांच्या उजेडातही उघडं असतं. पावणेपाचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे दिवस लहान आहे हे वेळापत्रक करताना लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी सांजूसांगेनदोला नक्की न्या. तुमच्या यादीत ते नाही आणि मला त्याचंच सर्वांत वाईट वाटलं. 120 मीटर लांब लाकडी सभागृह, त्यात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, 1001 मूर्ती. त्यांच्यापुढे 28 रक्षक देवता उभ्या आहेत, आणि त्यांत आपल्या ओळखीची मंडळी भेटतात: बासरी वाजवणारा चोचीचा गरुड, इंद्र, असुर. भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर हे सगळे इथवर आले. आई-बाबांना प्रत्येक मूर्तीपुढची पाटी वाचायला वेळ द्या, अर्धा तास पुरत नाही. आत फोटो काढू देत नाहीत.

त्या दुपारी उत्तरेला दाइतोकुजी मठाकडे जा. त्याच्या आवारातही शोजिन जेवण मिळतं, आणि जवळच्या इमामिया देवळाच्या दारात समोरासमोर दोन दुकानं आहेत, दोन्हीकडे एकच पदार्थ: आबुरी मोची. किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ लावलेले मोचीचे (चिकट तांदळाच्या लगद्याचे) छोटे गोळे बांबूच्या काडीवर निखाऱ्यांवर भाजून, वर पांढऱ्या मिसोचा गोड पाक. यातलं इचिवा इसवी सन 1000 पासून चालू असल्याचं सांगतात. दोन्ही दुकानं सहसा बुधवारी बंद असतात.

फुशिमी इनारी या देवस्थानाला कधीही जाता येतं, तिकीट नाही. क्योतो स्टेशनहून जेआर रेल्वेनं दुसरं स्थानक. शेंदरी लाकडी कमानींचा दाट भाग पायथ्याजवळच आहे, माथ्यापर्यंत चढायचा हट्ट धरू नका. सुवर्णमंडप किंकाकुजी सुंदर आहे, पण आताची वास्तू 1955 ची आणि तिथली फेरी अर्ध्या तासात संपते. वेळ उरला तर बघा. निशिकी बाजारात लोणच्यांच्या दुकानांत चवी बघा, पण चालता चालता खाऊ नका, दुकानासमोर उभं राहून संपवा. गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीत काही खासगी गल्ल्यांत 2024 पासून पर्यटकांना मनाई आहे, फलक बघून वळा.

नोव्हेंबरअखेर शहर बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि बसचा जुना एकदिवसीय पास आता मिळत नाही. भुयारी रेल्वे आणि बस दोन्हींचा पास 1100 येनला आहे. तुम्ही चौघं आहात तेव्हा जवळच्या अंतराला टॅक्सी बसपेक्षा फार महाग पडणार नाही, आणि आई-बाबांचे पाय देवळांसाठी शिल्लक राहतील. रात्रीसाठी हॉटेलजवळचं एखादं भारतीय किंवा व्हीगन उपाहारगृह आधीच हेरून ठेवा. बऱ्याच ठिकाणी आठ-साडेआठनंतर नवी ऑर्डर घेत नाहीत. शिगेत्सु आणि युदोफूच्या नोंदणीला मात्र आजच लागा, पानगळीच्या दिवसांत त्या जागा आधी भरतात.