तुम्ही विचारा : रक्त गेलं नाही, तरी लागलं कसं?

प्रश्न : माझ्या नातवाच्या हृदयाची शस्त्रक्रिया तो नऊ दिवसांचा असताना झाली. आता छान आहे. "फार रक्त गेलं का हो?" असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "गेलं नाही, पण लागलं." हे कसं? आणि बाहेरच्या रक्ताशिवाय भागत नाही का?
– एक आजी

उत्तर : आजी, ते रक्त गेलं माझ्या यंत्रात. शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन, म्हणजे तेवढ्यापुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र, चालवणारा मी.

तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम २५० मिली. हृदय थांबवलं की ते नळ्यांतून यंत्रात येतं आणि प्राणवायू घेऊन परत जातं. नळ्या रिकाम्या ठेवता येत नाहीत, हवेचा बुडबुडा अंगात गेला तर घात. म्हणून त्या आधी भरायच्या. त्यांत २५० मिली नुसतं सलाइन भरलं तर बाळाचं रक्त निम्म्याने पातळ होईल. मोठ्या माणसाच्या पाच लिटरांत तेवढं सहज खपतं.

म्हणून बाळाच्या नळ्यांत बाहेरचं रक्तही घालावं लागतं. नळी जितकी आखूड आणि बारीक, तितकं ते कमी लागतं, म्हणून आमचं भांडण नळीशी. पाव इंची नळीच्या एका मीटरमध्ये ३२ मिली मावतं, तीन-सोळांश इंचीत १८. नळी कापताना मी दोनदा मोजतो, आणि पंप टेबलाला इतका खेटून लावतो की भूलतज्ज्ञांना पाय ठेवायला जागा उरत नाही. (त्यांची कुरकुर आता सवयीची झाली आहे.) नळी आखूड राहावी म्हणून पंप वरही घेतो. तो असा वर घेतला की बाळाचं रक्त आपसूक खाली यंत्रात उतरत नाही, मग ते ओढायला हलका व्हॅक्यूम लावतो.

काम संपल्यावर उरलेलं रक्त गाळणीतून फिरवून त्यातलं जास्तीचं पाणी काढतो, आणि दाट झालेलं रक्त बाळाला परत. ही युक्ती १९९१च्या सुमारास लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातून पुढे आली.

मला विचाराल तर खरी चोरटी गळती नंतर आयसीयूत होते. तपासणीला दर वेळी दोन मिली, दिवसातून दहा वेळा, म्हणजे २० मिली झाले की! थेंबा-दोन थेंबांवर होणाऱ्या तपासण्या आहेत, त्या वापराव्यात.

परक्या रक्ताने फुप्फुसं सुजू शकतात, रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून हा खटाटोप. पण "एक थेंबही दिला नाही" ही फुशारकी मला पटत नाही. निळ्या पडणाऱ्या बाळाला हिमोग्लोबिन जास्तच लागतं. तिथे हात आखडला तर मेंदूला प्राणवायू कमी पडेल.

तुमच्या नातवावर पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आलीच, तर तोवर तो दहा किलोंचा झालेला असेल. माझ्या नळ्या मात्र थोड्याच मोठ्या लागतील, म्हणजे रक्त तेवढं पातळ होणार नाही.