तीस टक्के आगाऊ मिळतील, उरलेल्या सत्तरचं काय?

प्रश्न : मी सांगलीत राहते आणि सहा वर्षांपासून घरून इंग्रजी-मराठी अनुवादाची कामं करते. २०२३ मध्ये नोएडाच्या एका एजन्सीला ९६ हजार शब्दांचं ई-लर्निंगचं काम करून दिलं. दर शब्दाला १ रुपया ४० पैसे, बिल १,३४,४०० रुपये. शेवटची फाइल १४ ऑगस्ट २०२३ला पाठवली. पुढच्या फेब्रुवारीत २० हजार जमा झाले, त्यानंतर फोनवर नुसतं ‘या महिन्यात करतो मॅडम’. आता एप्रिल २०२६ उजाडला. नोएडाचीच दुसरी एक एजन्सी काम देते आहे. पोळले असल्यामुळे मी निम्मे पैसे आगाऊ मागितले, ते ३० टक्क्यांवर तयार झाले. नव्या ग्राहकाकडे असे आगाऊ पैसे मागणं कायद्यात बसतं का? नंतर ते परत मागू शकतात का? वर्क ऑर्डर सोबत जोडली आहे, अजून सही केलेली नाही.

उत्तर : ताई, पहिला प्रश्न मला महिन्याकाठी कुणी ना कुणी विचारतंच. अनुवादक, व्हिडिओ एडिटिंग करणारी मुलं, घरून टायपिंग करणाऱ्या बायका. आगाऊ पैसे मागणं कायद्यात बसतं. त्यावर याहून जास्त लिहीत नाही.

तुमची वर्क ऑर्डर मी दोनदा वाचली. आगाऊ रकमेची ओळ तुम्ही पिवळ्या रंगाने अधोरेखित केली आहे. माझी नजर अडली ती तिच्या खालच्या ओळीवर. तिचा अर्थ असा : उरलेली ७० टक्के रक्कम अंतिम ग्राहकाने काम मंजूर केल्यानंतर ४५ दिवसांत दिली जाईल. आता जुन्या एजन्सीचा २०२३चा तो ईमेल उघडा, तुम्हीच मला पाठवलेला. त्यातही हेच वाक्य आहे, फक्त ४५च्या जागी ६० दिवस. त्याला तुमचं उत्तर एका शब्दाचं होतं, ‘नोटेड’. ज्या वाक्याने तुमचे १,१४,४०० रुपये अडकवले, त्याच्यावरच तुम्ही पुन्हा सही करायला निघाला आहात आणि मला विचारता आहात वरच्या ओळीबद्दल. म्हणून थोडं रागावून लिहिते आहे.

मंजुरी देणार कोण? अंतिम ग्राहक, म्हणजे ज्याच्यासाठी एजन्सी हे काम करून घेते तो. त्याच्याशी तुमचा करार नाही, बहुतेक वेळा त्याचं नावही तुम्हाला कळू दिलेलं नसतं. मंजुरी दिली की नाही, कधी दिली, हे फक्त एजन्सीला ठाऊक. म्हणजे पैसे देण्याचे ४५ दिवस कुठून मोजायचे, ते ज्याने पैसे द्यायचे तोच ठरवणार. मंजुरी आलीच नाही असं त्यांनी म्हटलं तर ती आली होती हे तुम्ही सांगलीत बसून सिद्ध कशी करणार? पैसे द्यायची वेळच ठरलेली नसेल तर ते वाजवी मुदतीत द्यावे लागतात, असं करार कायद्याचं कलम ४६ सांगतं, आणि न्यायालय अशा वाक्याचा अर्थ तुमच्या बाजूनेही लावू शकेल. पण ‘वाजवी म्हणजे किती’ हे ठरेपर्यंत दिवाणी न्यायालयात जी वर्षं जातात, तेवढी थांबण्याची ऐपत घरून काम करणाऱ्या किती जणींची असते?

म्हणून आगाऊ तीस की पन्नास यावर घासाघीस करण्याआधी ही ओळ काढून घ्या. तिच्या जागी असं काही घाला : ‘उर्वरित रक्कम फाइल मिळाल्यापासून ३० दिवसांत दिली जाईल. फाइल मिळाल्यापासून १० दिवसांत नेमक्या दुरुस्त्या लेखी कळवल्या नाहीत तर काम स्वीकारलं असं मानलं जाईल. अंतिम ग्राहकाची मंजुरी किंवा त्याच्याकडून येणारे पैसे यांच्याशी या बिलाचा संबंध राहणार नाही.’ या तीन वाक्यांना ती एजन्सी नाही म्हणाली, तर तीस टक्केच काय, पन्नास टक्के आगाऊ दिले तरी काम घेऊ नका. उरलेला अनुवाद फुकट केल्यासारखा होईल.

त्या तीस टक्क्यांवर मात्र आहात तिथे थांबायला माझी हरकत नाही. त्याऐवजी कामाचे तुकडे पाडून घ्या. ४० हजार शब्दांचं काम आहे, दहा-दहा हजारांचे चार भाग करा. पहिल्या भागाचे पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय दुसरा भाग सुरू होणार नाही, असं लिहून घ्या. ‘लिहून’ या शब्दावर माझा जोर आहे. दोघांनी एकमेकांना दिलेली वचनं कोणत्या क्रमाने पाळायची, हे करारात ठरलं असेल तर करार कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तोच क्रम चालतो. आधी पाळायचं वचन त्यांनी पाळलं नाही तर कलम ५४ प्रमाणे ते तुमच्याकडे पुढचं काम मागू शकत नाहीत. पण क्रम लिहिलेला नसताना पैसे येईनात म्हणून चिडून तुम्ही मधेच काम थांबवलंत, तर करार मोडला तो तुम्ही, असं म्हणायला त्यांना जागा मिळते. उशिरामुळे झालेलं नुकसान भरून द्या, अशी नोटीस आलेले अनुवादक मी पाहिले आहेत, आणि पैसे त्यांचेच येणं बाकी होते.

आगाऊ रक्कम परत मागू शकतात का? तुमच्या ऑर्डरमध्ये ‘गुणवत्ता समाधानकारक नसल्यास आगाऊ रक्कम परत’ असं आहे, त्यामुळे मागू शकतात, आणि मागतील. जमिनीच्या व्यवहारातली विसार पावती आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. विसार हा वचन पाळण्याची हमी म्हणून दिलेला असतो, विकत घेणाऱ्याने माघार घेतली तर तो बुडतो. आगाऊ रक्कम म्हणजे किमतीचाच एक हिस्सा, व्यवहार फिसकटला तर साधारणपणे परत द्यावा लागणारा. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने घरखरेदीच्या प्रकरणात स्पष्ट केलेला आहे. अनुवादाच्या कामाला तो जसाच्या तसा लागू होईल असं मी ठामपणे म्हणणार नाही, कारण झालेल्या कामाचा मोबदला मागण्याचा तुमचा हक्क वेगळाच उरतो. ती भानगड नको असेल तर एक ओळ घाला : काम रद्द झाल्यास तोवर झालेल्या शब्दांचे पैसे आगाऊ रकमेतून वळते करून उरलेली रक्कमच परत केली जाईल. आणि ‘समाधानकारक’ हा शब्द खोडा. चुका वाक्यागणिक दाखवाव्यात, एकदा दुरुस्ती मोफत, एवढं पुरे.

तुमच्या ऑर्डरमध्ये सगळे हक्क ‘फाइल देताच’ एजन्सीकडे जातील असंही आहे. तिथे ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर’ असं करून घ्या. तुम्ही त्यांच्या पगारी नोकर नाही, त्यामुळे अनुवादाचा कॉपीराइट आधी तुमचा असतो आणि तो देताना तुमच्या सहीचा लेखी कागद लागतो (कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९). जुन्या कामात असा सहीचा कागद झालेला दिसत नाही. त्या जोरावर ‘माझा अनुवाद वापरणं थांबवा’ अशी नोटीस देता येईल. ती किती टिकेल हे मूळ अभ्यासक्रमाच्या मालकाशी एजन्सीचं काय ठरलं होतं, यावरही अवलंबून राहील.

सही करण्याआधी आणखी एक काम आहे, आणि ते सहा वर्षांत का झालं नाही हे मला समजत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नाव नोंदवणं. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत. कुणी एजंट हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. अनुवाद ही सेवा आहे, तिची नोंदणी होते. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत द्यावेच लागतात. काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असं धरतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कलम १८. वादासाठी तुम्ही तुमच्याच विभागाच्या सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जाऊ शकता, समोरचा भारतात कुठेही असो. तुमच्या ऑर्डरच्या तळाशी बारीक अक्षरात नोएडाच्या न्यायालयाचं कलम आहे, त्यावर हाच उतारा आहे. परिषदेने ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बरेचदा त्याहून खूप जास्त लागतात. तरीही नोएडाला खेटे घालण्यापेक्षा हे बरं. एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही असा आहे, की अशा उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीला वजा करता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की अकाउंट्सवाले जागे होतात, ते बहुधा यामुळेच.

जुन्या कामाला मात्र याचा उपयोग होईल असं धरू नका. काम झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या व्यवहाराला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. २०२५ मध्ये नोंदणीच्या वेळेचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला, पण त्याच्या आशेवर बसायला तुमच्याकडे वेळ नाही.

वेळ नाही, हे शब्दशः घ्या. केलेल्या कामाच्या पैशांसाठी न्यायालयात दावा लावण्याची मुदत तीन वर्षं. तुमची शेवटची फाइल १४ ऑगस्ट २०२३ची. मंजुरीनंतरचे ६० दिवस अजून सुरूच झाले नाहीत, असा अर्थ काढून मुदत लांबवता येईल, असं कुणी सांगेल. तो मानला तर पैसेही अजून देय झालेले नाहीत, असं एजन्सी म्हणेल. दोन्हीकडून तुम्हीच अडकता. फेब्रुवारी २०२४च्या २० हजारांनी मुदत नव्याने सुरू झाली असं म्हणायला देणाऱ्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद लागते, नुसत्या बँक ट्रान्सफरवर विसंबू नका. फोनवरच्या ‘या महिन्यात करतो’ने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. माझ्याकडे एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत छापील ईमेलचा गठ्ठा घेऊन आले होते, तारखेप्रमाणे लावलेला, एकही कागद कमी नाही. शेवटचं काम देऊन तीन वर्षं आणि अकरा दिवस झाले होते. ‘मी रोज फोन करत होतो हो,’ एवढंच ते म्हणत राहिले.

तुमचे चार महिने शिल्लक आहेत आणि मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना सुट्टी असते. आज त्यांच्या अकाउंट्स विभागाला ईमेल करा : ३१ मार्चअखेर माझे १,१४,४०० रुपये येणं बाकी दिसतात, बॅलन्स कन्फर्म करावा. वर्षअखेरीच्या हिशेबाच्या या दिवसांत असं पत्र कुणाला खटकत नाही. मुदतीच्या आत, सहीनिशी आणि लेटरहेडवर ‘हो, बाकी आहे’ असं उत्तर आलं तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. साध्या ईमेलवर आलेलं उत्तरही ठेवा, फक्त त्यावर भिस्त ठेवू नका. शिवाय २०२३-२४चं २६एएस काढा, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा (टीडीएस) आयकर खात्याकडचा तक्ता. त्यांनी पूर्ण बिलावर टीडीएस भरला असेल, तर ‘काम निकृष्ट होतं’ हे त्यांना उद्या म्हणता येणं कठीण. मुदत वाढवायला तो चालेल का, यावर न्यायालयांची मतं सारखी नाहीत. जुन्या चॅटचा फोन बदलू नका, काही पुसू नका. मूळ फोन हातात असेल तर अशा चॅटच्या पुराव्यासोबत न्यायालयात द्यावं लागणारं प्रमाणपत्र सोपं जातं.

कन्फर्मेशन आलं नाही तर सुट्टी संपताच जूनमध्ये दावा दाखल झाला पाहिजे. जुन्या ईमेलमध्ये नोएडाच्या न्यायालयाचं कलम नाही, त्यामुळे सांगलीत दाखल करण्याचा प्रयत्न करता येईल. खर्चाची भीती असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जाताना तो ‘नोटेड’वाला ईमेल, बिल, पासबुक आणि फाइल पाठवल्याचा १४ ऑगस्टचा ईमेल सोबत न्या.