ऑगस्ट ते दिवाळी, सिस्टर?

*पालिका रुग्णालयात सिस्टर आहे. २०२० मध्ये कोविड वॉर्डात होते, म्हणून चौथीतल्या लेकीला कराडला बहिणीकडे ठेवलं. ऑगस्टअखेर मला ओपीडीत टाकलं, दिवाळीनंतर तिला आणलं. आता ती दहावीत आहे. काहीही झालं की फोन मावशीला! मी एवढं सोसलं, तिला जाणीव कशी करून देऊ?*
*– एक आई, डोंबिवली*

सिस्टर, तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. किटमधला घाम, लोकल बंद असताना एसटीने गाठलेली ड्युटी, तुम्हाला बघून दार लावून घेणारे शेजारी, सगळं त्यात आहे. त्यावर माझा शब्दन् शब्द विश्वास आहे. पण मी अडकले ते 'दिवाळीनंतर तिला आणलं' या तीन शब्दांत.

२० ऑगस्टला जिल्ह्याबाहेरची एसटी सुरू झाली होती. २ सप्टेंबरपासून ई-पासही लागेना. शाळा मोबाइलवरच, मग डोंबिवली काय आणि कराड काय! तरी पोरगी अडीच महिने तिकडेच. 'ड्युटी संपली की न्यायला येते' असं फोनवर तुम्हीच म्हणाला असाल ना? चौथीतल्या पोरीला कॅलेंडर वाचता येतं हो.

मला वाटतं, तेव्हा तुम्हाला घरात कोणी नकोच होतं. यायचं, आंघोळ करायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. कोणाची वेणी नको, कोणाचा डबा नको. पाच महिने ते सगळं बघितलेल्या बाईचं असं होतं, त्यात लाजण्यासारखं काडीचंही नाही. तुम्हाला मात्र लाज वाटते, म्हणून दरवेळी वॉर्डाच्या गोष्टी सांगता. त्या तिला पाठ असतील. आणि बहिणीबद्दल जे खवचट लिहिलंय ना, ते मला मुळीच आवडलं नाही. तेव्हा वेण्या तिनेच घातल्या.

येत्या सुट्टीला लेकीला समोर बसवा आणि सांगा: 'मला तुला आणता येत होतं, मी आणलं नाही.' मग का, ते सांगा. 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणायचं नाही, किट-बिट तर काढायचंच नाही. भडकली तर भडकू दे. उठून मावशीला फोन लावला तरी लावू दे, मधे पडू नका.

फक्त रात्रपाळीवरून आल्या आल्या हे काढू नका. आधी झोप काढा.