बी न्यायला सगळे येतात, परत आणायला कोणी नाही

प्रश्न: आम्ही काही जणांनी गावात जुन्या वाणांची बियाणं बँक काढली. पहिल्या वर्षी ४० घरांनी बी नेलं, पीक आल्यावर परत दिलं फक्त ९ घरांनी, आता मीटिंगलाही कोणी फिरकत नाही. आणि हे बी मोठ्या जीन बँकांमध्ये थंड करून ठेवलेलं असतंच ना, मग आपण कशाला मरमर करायची?

उत्तर: करायची, कारण थंडीतलं बी झोपलेलं असतं. नॉर्वेतली स्वालबार्डची बियाण्यांची तिजोरी, जिथे जगभरच्या जीन बँका आपल्या बियांच्या जोडप्रती ठेवतात, २००८ पासून आहे आणि ती हवीच, सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या बियांच्या संग्रहापर्यंत पोचता येईना तेव्हा त्याच्या जोडप्रती २०१५ मध्ये तिथूनच काढाव्या लागल्या. पण बदललेला पाऊस, नवी कीड हे शेतातलंच बी दरवर्षी सोसतं आणि तगलेलं पुढे जातं. शिवाय कुठला वाण खडकाळ रानात येतो, कुठला उशिरा पेरला तरी चालतो, हे पाकिटावर कुठे लिहिलेलं असतं? ते माणसांना ठाऊक असतं.

आता तुमचं. वाण तुम्हीच ठरवले आणि लोकांना मागाहून बोलावलं असं झालंय का? तसं असेल तर घरोघरी जाऊन विचारा, बायकांना तर आवर्जून, की कुठलं पीक परत हवंय आणि ते सुटलं कशामुळे. कांडायचा त्रास म्हणून सुटलं असेल तर नुसतं बी देऊन ते परत येणार नाही, आधी मशीनचं बघावं लागेल. पेरूमध्ये पिसाकजवळ बटाटा पार्क आहे, म्हणजे गावांनी मिळून बटाट्याचे जुने वाण जपलेला भाग, तिथल्या क्वेचुआ या मूळनिवासी लोकांच्या गावांनी २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार केला आणि पूर्वी गोळा करून नेलेले वाण रोगमुक्त होऊन गावात परत आले. मागणी गावांची होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

उरलेल्या ३१ घरांकडे वसुलीला जाऊ नका, पीक कसं आलं ते विचारायला जा. काहींचं बी उगवलंच नसेल! वाटण्याआधी १०० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, फडकं सुकू देऊ नका, आठवड्याभराने कोंब मोजा. ६० च आले तर तसं स्पष्ट सांगून द्या, म्हणजे माणूस दाट पेरेल आणि तुमच्यावर विश्वास ठेवेल. आणि मका किंवा बाजरी असेल तर शेजारच्या शेतातले परागकण येऊन वाण मिसळतो, त्यामुळे दोन वाण लांब तरी पेरायचे नाहीतर वेगवेगळ्या वेळी, आणि हे एकट्याला जमत नाही, शेजाऱ्याशी पेरणीआधीच बोलावं लागतं.