लोअर केलेली गाडी घरी उचलायची तर

प्रश्न : मी डिचोलीचा, वय २४. गेल्या वर्षी माझी हॅचबॅक चार सेंटीमीटरने लोअर करून घेतली, साइड स्कर्टही बसवले. आता चवथीच्या सुट्टीत पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायचे आहेत. पण घरचा ट्रॉली जॅक गाडीखाली शिरतच नाही. सिलखाली, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या कडेखाली, जेमतेम अकरा सेंटीमीटर जागा आहे आणि जॅक पूर्ण खाली बसवला तरी साडेतेरा सेंटीमीटर भरतो. पोर्चमध्ये पेव्हर आहेत, बाहेर तांबडी माती. बाबा म्हणतात, "दोन चिरे लाव, कांय जावचें ना (काही होणार नाही). पूर्वी आम्ही जीपसुद्धा तशीच उचलायचो." काका, काय करू?

उत्तर : आधी चिऱ्यांचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचं बोलतो, कारण बाकीचं सगळं चुकलं तर फार तर स्कर्ट फुटेल, पण इथे चुकलास तर जिवावर बेतेल.

बाबांना माझा नमस्कार सांग आणि एवढंच विचार की खाणीतून चिरा काढताना त्याला आकार कसा देतात. हत्याराने तासून. जो दगड हाताने तासला जातो, त्याच्यावर गाडीच्या सिलची बोटभर रुंदीची धार टेकवायची आणि खाली आपण झोपायचं? भिंतीत चिऱ्यावर सगळ्या अंगाने सारखा भार येतो, म्हणून आपली घरं उभी आहेत. गाडीखाली तोच भार एका रेघेवर येतो. त्यात आपल्याकडचा पाऊस. चिरा सच्छिद्र, पाणी पिऊन आणखी कच्चा होतो. लोखंड आधी वाकतं, लाकूड करकरतं, चिरा काही न सांगता दुभंगतो. कुर्टीला एका घरी अशीच बसलेली गाडी मी जाऊन वर काढली आहे. चिऱ्याचे उभे दोन तुकडे झाले होते, ब्रेक डिस्क फरशीत रुतली होती आणि त्यावर तांबडी भुकटी पडलेली. काम करणारा मुलगा पाना आणायला आत गेला होता म्हणून वाचला. सिमेंटचे पोकळ ब्लॉक, विटा, जुनी रिम, यांचंही तेच. जीप तशी उचलली असेलही. पण जीपला चेसिस होती, उंचीही होती, आणि नशीबही असेल. तू त्यावर विसंबू नकोस.

आता तुझी खरी अडचण. तुला वाटतंय की जॅक आत जात नाही, एवढंच कोडं आहे. ते सोपं आहे, दोन फळ्यांचं काम. अवघड गोष्ट पुढे येते : जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी स्टँड लागतात, आणि तुझ्या गाडीला सिलवर दोघांसाठी मिळून एकच जागा आहे. पुढच्या चाकामागे सिलच्या शिवणीला दोन खाचा दिसतील, त्यांच्या मधला भाग जाड पत्र्याचा असतो. तिथेच जॅक लावलास, तर स्टँड कुठे लावणार? बहुतेक जण इथे अडकतात आणि मग "पाच मिनिटांचं तर काम आहे" म्हणत नुसत्या जॅकवर चाक काढतात. म्हणून जॅकला हात लावण्याआधी स्टँड कुठे बसणार ते ठरव. दोन्ही बाजूंचे ते सिलचे पॉइंट स्टँडसाठी राखून ठेव आणि गाडी पुढून, मधल्या क्रॉसमेंबरवरून, म्हणजे इंजिनाखालच्या जाड आडव्या लोखंडी पट्टीवरून उचल. तुझ्या मॉडेलला तो पॉइंट चालतो का, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये नक्की करून घे. इंजिनाच्या चेंबरखाली, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीखाली जॅक कधीही लावू नकोस, गिअरबॉक्सखाली नको, चाक धरणाऱ्या लोअर आर्मखाली नको, फ्लोअरच्या साध्या पत्र्याखाली तर मुळीच नको. चेंबरचा पत्रा चेपला की आत ऑइल ओढणारी जाळी दबते, मग इंजिन उघडण्याची वेळ येते.

फळ्यांचं सांगतो. सुक्या, पक्क्या लाकडाच्या चार सेंटीमीटर जाडीच्या फळ्या घे, टायरपेक्षा चार बोटं रुंद. प्रत्येक चाकाला दोन थर : खालची फळी लांब, वरची वीतभर आखूड, दोन्ही स्क्रूने घट्ट जोडलेल्या, पुढच्या कडा तिरप्या कापलेल्या. जुनं माडाचं लाकूड कोपऱ्यात पडलेलं असतं, पण ते आतून पोखरलेलं नाही ना, हे आधी बघ. फळीच्या पोटाला जुन्या रबरी मॅटचा तुकडा ठोक, नाहीतर चाक चढायच्या ऐवजी फळीच पेव्हरवरून पुढे घसरते. बाहेर एकाला उभं करून, क्लच सांभाळत दोन्ही पुढची चाकं एकदम चढव. आठ सेंटीमीटर उंची मिळाली की साडेतेराचा जॅक पुढून आत जातो.

जातो म्हटलं, पण तरी एक गोष्ट बघ. जॅकचं तोंड खाली असलं तरी मागचं धूड उंच असतं, आणि दांडा मारताना बंपरला आपटतो. गाडी न उचलता, नुसता आत सरकवून, दांडा पूर्ण वरखाली करून बघ. नवीन घेणारच असशील तर लो-प्रोफाइल जॅक घे, तो साधारण आठ सेंटीमीटरपर्यंत खाली जातो. घेताना किती खाली बसतो एवढंच विचारू नकोस, किती वर जातो तेही विचार. तीन टनी स्टँडची सगळ्यात खालची खूण साधारण २८ सेंटीमीटरवर असते. गाडीचा सिल त्याच्या वर चार बोटं गेला पाहिजे, तरच स्टँड आत सरकेल.

आणि जमीन. हा मुद्दा नीट समजून घे. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, गोलाईत जातो. म्हणजे गाडी वर जाताना जॅकला चाकांवर थोडं पुढेमागे सरकावं लागतं. त्याची चाकं छोटी, लोखंडी. पेव्हरच्या सांध्यात अडकली किंवा मातीत रुतली की जॅक सरकत नाही, मग वरची वाटी गाडीच्या पॉइंटवरून सरकते. तू वाटीकडे बघत राहिलास तर हे डोळ्यांना दिसतं : आधी रबर एका बाजूला ताणतं, मग वाटी तिरकी होते. तसं दिसलं की थांब, खाली घे, पुन्हा लाव. मातीवर गाडी उचलायचीच नाही. पेव्हरवर जॅकखाली एक सलग जाड लोखंडी पत्रा टाक, आणि स्टँडच्या पायांखाली जाड प्लायवूडचे चौकोन, म्हणजे पाय सांध्यात खचणार नाहीत. पोर्चला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तोही तपास. गोटी ठेवून ती गडगडत गेली, तर शेजाऱ्याचं सपाट अंगण माग.

आता क्रम. चाकांचे नट गाडी खाली असतानाच अर्धा फेरा सैल कर. हँडब्रेक ओढ, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लाव. नुसत्या गिअरवर भरवसा नको : गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते आणि तीच चाकं हवेत असणार. गाडी वर गेली की दोन्ही स्टँड एकाच खुणेवर लाव, खटका पूर्ण बसला का बघ, स्टँडच्या डोक्यावर सिलची शिवण बसेल अशी खाच असलेलं रबर ठेव. मग जॅकचा स्क्रू अगदी हळू सोडून भार स्टँडवर उतरव. जॅक काढून टाकू नकोस, पॉइंटला नुसता टेकलेला राहू दे. काढलेली चाकं दोन्ही सिलखाली आडवी सरकव. वरचं सगळं हुकलं तरी गाडी चाकावर अडते, माणसावर येत नाही. आणि खाली हात घालण्याआधी बाजूला उभा राहून गाडी जोर लावून हलव. डुललीच तर तुझ्यावर पडण्याआधी डुलू दे.

तुझ्या पत्रात एक गोष्ट राहिली : गाडी खाली आणली कशी? लोअरिंग स्प्रिंग बसवल्या असतील तर ठीक. मूळ स्प्रिंग कापून घेतल्या असतील तर वेगळी काळजी घ्यावी लागेल. चाक हवेत लोंबलं की आखूड स्प्रिंग वाटीत सैल होते, कधी जागा सोडते, आणि गाडी खाली घेताना तिरकी बसते. चाकाच्या कमानीत बॅटरी मारून, स्प्रिंगचं टोक आपल्या खाचेत आहे ना, ते खाली घेण्याआधी बघ. कापलेल्याच असतील, तर पॅडचा खर्च थोडा पुढे ढकल आणि आधी नीट स्प्रिंग घाल. हे मी आग्रहाने सांगतोय.

सिलही तपास. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात शिवणीत चिखल बसतो, किनाऱ्याजवळच्या गाड्यांना वर खारी हवा. काळ्या कोटिंगखाली गंज दिसत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोक, आवाज भद्द आला किंवा पापुद्रा सुटला तर तिथे स्टँड लावू नकोस.

पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत दाब. हे विसरून गेटाला धडकलेल्या गाड्या माझ्याकडे येतात.

प्रश्न : लोअर केलेली गाडी रस्त्यात पंक्चर झाली तर? गाडीबरोबरचा जॅकही आत जात नाही. (वाचक, काणकोण)

उत्तर : हवा गेली की गाडी आणखी बसते, म्हणून असं होतं. डिकीत चार सेंटीमीटर जाडीची, हातभर लांब, टोक तिरपं केलेली एक फळी ठेवा. पंक्चर चाक हळूच तिच्यावर चढवा, जॅक जाईल. घाटात, वळणावर किंवा उतारावर उचलू नका. रिम खराब झाली तरी चालेल, सपाट जागेपर्यंत सावकाश न्या. आणि हा जॅक चाक बदलण्यापुरताच. त्याच्यावर उभ्या गाडीखाली वाकूनही बघायचं नाही.

प्रश्न : माझा मुलगा सुट्टीच्या दिवशी पोर्चमध्ये गाडीखाली झोपून काहीतरी करत असतो. मला गाडीतलं काही कळत नाही. काही बोलले की "आई, तुला नाही समजत" म्हणतो. मी काय बघावं? (एक आई, पेडणे)

उत्तर : ताई, तुम्हाला गाडीतलं कळायची गरज नाही. दारातून दिसेल एवढंच बघा. तो खाली शिरण्याआधी गाडीखाली लोखंडी तिपाईसारखे दोन स्टँड आहेत का? दांडा असलेलं एकच यंत्र दिसत असेल, तर त्याला हाक मारून बाहेर बोलवा, जेवण वाढलंय म्हणा, काहीही म्हणा. जमिनीवर टेकलेल्या चाकांना लाकूड लावलेलं आहे का? गाडीची किल्ली कुठे आहे? ती तुमच्याकडे मागून घ्या. लहान मुलं घरात असतील तर गाडीचं दार कोणी उघडणार नाही, आत कोणी बसणार नाही, हे तुम्ही बघा. आणि घरात कोणी नसताना त्याने खाली जायचं नाही, ही अट घाला. ती तुमच्या घरातली अट आहे, ती घालायला गाडीचं ज्ञान लागत नाही.

एक गोष्ट त्याच्याकडून शिकून घ्या, त्यालाही बरं वाटेल : जॅक कसा लावायचा आणि दांडा कसा मारायचा. दुसरा जॅक घरात हाताशी असू द्या. वेळ आलीच, तर अडकलेल्या माणसाला ओढायचं नाही. हाका मारून शेजारी गोळा करा, एकाला १०८ लावायला सांगा, आणि गाडी जॅकने वर घ्या.