पुस्तकातला फर्मा गायब, पाठोपाठ रिव्ह्यूही

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. मजकूर थोडक्यात असा:

"ऑनलाइन दुकानातून 640 रुपयांचं एक चरित्र मागवलं. सावकाश वाचत 128 व्या पानावर आलो, पान उलटलं तर पुढे पुन्हा 113! 129 ते 144 ही सोळा पानं पुस्तकात नाहीतच. तोवर तीन आठवडे झाले होते आणि परत करण्याची सात दिवसांची मुदत संपली होती. एक स्टार देऊन रिव्ह्यू लिहिला: पुस्तक चांगलं आहे, पण विक्रेता खराब प्रत पाठवतो, खोकं फाटलेलं होतं, याच्याकडून घेऊ नका. चार दिवसांत 'नियमांत बसत नाही' म्हणून तो काढून टाकला. 'वेळेवर मिळालं, छान' एवढंच लिहिणाऱ्यांचे पाच स्टार मात्र जागच्या जागी. मग चिडून दुसरा लिहिला, त्यात विक्रेत्याला भामटा म्हटलं. तो अजून आहे, पण विक्रेत्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आलाय: काढा, नाहीतर पाच लाखांचा बदनामीचा दावा ठोकतो. माझ्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं काय? दुकानावर केस होईल का?"

सर, केस होईल. पण तुम्हाला करायची आहे ती नव्हे.

रिव्ह्यू काढल्याचा राग मी समजू शकतो, पण त्या एका मुद्द्यावर दुकानाला कोर्टात खेचलंत तर हाती फार काही लागणार नाही. घटनेच्या कलम 19 मधलं स्वातंत्र्य मुख्यतः सरकारपुढे उभं करायचं असतं. दुकानाची भिंत दुकानाची. खातं उघडताना आपण न वाचता ज्याला 'मान्य' म्हणतो, त्या अटींत काय ठेवायचं आणि काय काढायचं याचा अधिकार त्यांनी घेतलेला असतो. शिवाय तुमचा पहिला रिव्ह्यू का उडाला असावा, ते तुमच्याच पत्रात आहे. बहुतेक दुकानं पुस्तकाबद्दलचा अभिप्राय आणि विक्रेत्याबद्दलची तक्रार यांचे रकाने वेगळे ठेवतात. खोकं, कुरिअर, विक्रेता हे पुस्तकाच्या रकान्यात आलं की ते नियमावर बोट ठेवतात. मग 'वेळेवर मिळालं' हेही कुरिअरचंच कौतुक नव्हे का? आहेच. नियम सगळ्यांना सारखा लावत नाहीत, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे, फक्त तिचा दरवाजा वेगळा आहे. त्याकडे नंतर येतो.

तुमची भक्कम बाजू ती गायब सोळा पानं आहेत. बांधणीत एक फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला सोळा पानांचा गठ्ठा) दोनदा लागला आणि पुढचा राहिला. ही सदोष वस्तू, याबद्दल वाद घालायला जागाच नाही. सात दिवसांच्या मुदतीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 मध्ये स्पष्ट म्हटलंय की माल सदोष असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. 128 व्या पानापर्यंत पोचायला तीन आठवडे लागले यात तुमचा काही दोष नाही. चरित्र काय पाकीट फोडल्याबरोबर संपवायचं असतं?

आधी दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यावा लागतो. पत्रात रिव्ह्यूचं पुराण नको: बिल, ऑर्डर क्रमांक, पान 128 आणि 113 शेजारी-शेजारी दिसतील असा फोटो, आणि 640 रुपये किंवा चांगली प्रत ही मागणी, बस्स. दाद लागली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. तरीही नाही, तर आपला कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथे तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही (स्वतः वकील असल्यानं हे लिहिताना हात जरा थरथरतो), आणि मुदत दोन वर्षांची आहे. दुकान आणि विक्रेता, दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा.

त्याआधी एक पोस्टकार्डाइतकं सोपं काम करा: प्रकाशकाला कळवा. फर्मा चुकलेली प्रत मुकाट्यानं बदलून देणारे प्रकाशक अजून आहेत. आयोगात तारखा मोजण्यापेक्षा ते बरं.

आता बदनामी. 'सोळा पानं नाहीत' हे खरं आहे आणि तुमच्याकडे पुस्तकच पुरावा म्हणून आहे. तेवढ्यावर दावा टिकणार नाही. 'भामटा' मात्र सिद्ध करावं लागेल. चूक बाइंडरची असू शकते, विक्रेत्यानं पुस्तक उघडूनही पाहिलं नसेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामी हा गुन्हाही आहे, तेव्हा एका शब्दासाठी जोखीम घेऊ नका. रिव्ह्यू काढू नका. तो शब्द काढा, पानांचे आकडे ठेवा. पाच लाखांचं म्हणाल, तर तेवढे मागायचे झाल्यास त्यावरची कोर्ट फी आधी त्यालाच भरावी लागेल. 640 रुपयांच्या पुस्तकासाठी तो ती भरेल असं मला वाटत नाही. मेसेज पुसू नका, उत्तरही देऊ नका. 'काढा, पैसे परत करतो' असा मेसेज आलाच तर तोही जपा, आयोगापुढे तो तुमच्या उपयोगाचा.

राहिली वाईट रिव्ह्यू उडवण्याची आणि चांगले तेवढे ठेवण्याची गोष्ट. विक्रेत्यानं ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायला त्याच ई-कॉमर्स नियमांनी बंदी आहे. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000 हे मानकही आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. त्यावर उभं राहून मी तरी युक्तिवाद करणार नाही. अशी तक्रार सगळ्या ग्राहकांच्या वतीनं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते, आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 17 नुसार ती जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. म्हणजे कोल्हापुरातच. मात्र एका उडालेल्या रिव्ह्यूवरून काही सिद्ध होत नाही. तुमच्यासारखे आणखी पाच-सात जण, त्यांचे तारीख आणि वेबपत्ता दिसणारे स्क्रीनशॉट, असं काही जमवलंत तर त्या अर्जाला वजन येईल. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडा.

आणि हो, काढलेल्या रिव्ह्यूच्या मजकुराचा कॉपीराइट तुमचाच आहे. तो दुसरीकडे छापायला तुम्ही मोकळे आहात, फक्त त्यात 'भामटा' घालू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की करवीर नगर वाचन मंदिरातल्या प्रतीवरून त्या सोळा पानांची झेरॉक्स काढून आणली आहे आणि आता ती पुस्तकात चिकटवणार आहात. वाचा जरूर, पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत डिंकाची बाटली बंद ठेवा.