अहाबाचा भाजीचा मळा

प्रिय चिरंजीव,

सप्रेम सलाम. खोटी बिले लावणाऱ्या तुझ्या वरिष्ठाला बढती मिळाली, त्याने नवा फ्लॅटही घेतला आणि त्या बिलांवर शंका काढणाऱ्या तुझी मात्र बदली झाली, हे वाचून वाईट वाटले. दुर्जनांची भरभराट टिकत नाही असे आम्ही वडीलधारे सांगतो, मग हे काय, हा तुझा प्रश्न रास्त आहे.

बायबलमधला इस्राएलाचा राजा अहाब जगाच्या मापाने यशस्वी होता. त्याने शोमरोन या राजधानीत २२ वर्षे राज्य केले, हस्तिदंती महाल बांधला, आणि इ.स.पू. ८५३ मधील कर्कारच्या लढाईत त्याचे २,००० रथ होते, असे अश्शूर (असिरिया) देशाच्या राजाचा शिलालेख सांगतो. अशा माणसाला इज्रेलातील राजवाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, तोही भाजीपाला लावायला! वडिलोपार्जित वतन देण्यास नाबोथाने नकार दिला, तेव्हा हा राजा तोंड फिरवून उपाशी पडून राहिला. पुढचे सारे त्याच्या राणीने, ईजबेलेने केले: अहाबाच्या नावाने पत्रे, त्यांवर राजमुद्रा, नगरात उपास जाहीर, नाबोथाला मानाची जागा, समोर दोन खोटे साक्षीदार, देवनिंदेचा आरोप आणि नगराबाहेर धोंडमार. कागदोपत्री सगळे नियमाला धरून होते. नगरातील एकाही वडीलधाऱ्याने हरकत घेतल्याची नोंद नाही, आणि मला तर ईजबेलेपेक्षा त्या वडीलधाऱ्यांचीच अधिक धास्ती वाटते.

देवाचा संदेष्टा एलीया याने अहाबाला शिक्षा सुनावली. पण अहाब गोणपाट नेसून नमला, म्हणून देवाने त्याच्या घराण्यावरचे अरिष्ट मुलाच्या काळापर्यंत लांबवले. अहाब पुढे रामोथ-गिलादच्या लढाईत वेष पालटून उतरला, तरी चिलखताच्या सांध्यात घुसलेल्या बाणाने मेला. त्यानंतर एका मुलाने २ वर्षे आणि दुसऱ्याने, योरामाने, १२ वर्षे राज्य केले, आणि मग योरामाचे प्रेत नाबोथाच्या शेतात फेकले गेले. नाबोथाच्या माणसांना हा काळ थोडा वाटला असेल, असे माझ्याने म्हणवत नाही. दुर्जन सुखात म्हातारे होतात, अशी निरपराध असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाची तक्रारही त्याच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात जशीच्या तशी ठेवलेली आहे.

७३वे स्तोत्र रचणाऱ्या आसाफालाही उन्मत्तांचा हेवा वाटला आणि आपण हात निर्मळ ठेवले ते फुकट गेले, असे त्याच्या मनात आले. देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर त्याला त्यांचा शेवट कळला आणि ते निसरड्या जागी उभे असल्याचे दिसले. तोपर्यंत त्यांचे काही बिघडले होते, असे मात्र स्तोत्रात कुठेही म्हटलेले नाही. शेवटी आसाफाला समाधान मिळते ते देवाने आपला उजवा हात धरला आहे या जाणिवेने.

म्हणून वरिष्ठाच्या पतनाची वाट पाहत बसू नकोस. जळफळाट माणसाला दुष्कर्माकडेच नेतो, असे ३७वे स्तोत्र बजावते, आणि तुझ्या पत्रातील सूर पाहता हा इशारा तुला आजच हवा आहे. लेखापरीक्षणात विचारणा झाली, तर जे पाहिलेस तेवढेच लेखी सांग. नव्या विभागात कुणी कोऱ्या बिलावर सही मागितली, तर नकारही त्याच दिवशी दे. रविवारी उपासनेनंतर थांब. यिर्मयाचा १२वा अध्याय सोबत वाचू, त्यात संदेष्ट्याने तुझाच प्रश्न थेट देवाला विचारला आहे.

तुझा शुभचिंतक